दोलन सुविधा क्रमांक दोन

बागेतल्या दोन झोक्यांपैकी एकाची डावी साखळी उजवीपेक्षा बोटभर लांब होती. त्यामुळे त्यावर बसलेलं मूल सरळ पुढे न जाता जरा तिरकं जाई आणि परत येताना कोणीतरी कान धरून फिरवल्यासारखं गोल वळून येई. सरळ झोका बहुतेक वेळ रिकामा असे. वाकड्या झोक्यापाशी रांग असे.

हा गंभीर दोष बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आला नव्हता. तो आबांच्या लक्षात आला.

आबांनी सगळं आयुष्य एका खत कारखान्याच्या पत्रव्यवहार विभागात काढलं होतं. त्यांच्या हातचं पत्र मिळालं की समोरचा आधी माफी मागायचा आणि आपलं काय चुकलं ते मग सावकाश शोधत बसायचा. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवत राहिले. दूधवाल्या कंपनीला झालं, वीज कंपनीला झालं, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यालाही एक पत्र जाऊन झालं. तो बिचारा बेल वाजवून खुलासा करायला आला, तेव्हा आबा त्याच्याकडे असे बघत राहिले की जणू तो बनियनवर दरबारात आलाय. त्यांना लेखी उत्तर हवं होतं.

बागेत ते जाऊ लागले नातीमुळे. मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, तिकडे घर मिळेपर्यंत नात आजी-आजोबांकडे राहणार होती. पाय टेकायला लागल्यापासून स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. पण इथे आली आणि भिंगरी थांबली. विचारलं तर मानेने हो, मानेने नाही. रात्री आईचा स्वेटर उशाखाली घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपायची. आजीने गोष्टी सांगून पाहिल्या, आबांनी शाळेतली इंग्रजी कविता म्हणून पाहिली. कवितेनंतर तर तिने मान हलवणंही बंद केलं.

वाकड्या झोक्याच्या रांगेत तिच्या पुढे एक मुलगी उभी होती. पुढचे दोन्ही दात पडलेले, त्यामुळे सगळी तिला बोळकी म्हणत आणि तिला त्याचं काहीच वाटत नसे. ती मागे वळून म्हणाली, "तू मला ढकल, मग मी तुला ढकलते. पण घाबरलीस तर माझा नंबर." भिंगरीने ढकललं. मग तिची पाळी आली. बाकावर बसलेल्या आबांना पोरीचा आवाज ऐकू आला, तेव्हा त्यांना आधी ओळखताच आला नाही.

"अगं, बोलली ती!" त्यांनी दारातूनच आजीला सांगितलं.

"काय बोलली?"

"'थांबवू नको' म्हणाली."

आजी स्वयंपाकघरात गेली आणि थोडा वेळ बाहेर आली नाही.

यानंतर रोज संध्याकाळी बाग. आणि अशाच एका संध्याकाळी भिंगरी तिरकी गेली, गोल वळली आणि झोक्यावरून सुटून मातीत पडली. गुडघा सोलवटला. ती उठली, रक्ताकडे कौतुकाने बघितलं, बोळकीला दाखवलं आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली. रडली ती नाहीच; कळवळले ते आबा.

घरी आजीने गुडघा धुतला. "साखळीची एक कडी वरच्या आकड्यात अडकवली की झालं. माळ्याला सांगा."

"सांगू? म्हणजे तोंडी?" आबांनी हा शब्द असा उच्चारला, जणू आजीने काहीतरी वावगं सुचवलं होतं. "सार्वजनिक मालमत्ता आहे ती. रीतसर अर्ज करावा लागेल."

"करा. उत्तर येईपर्यंत पोरीचं लग्न होईल."

आजीचा हा हिशोब अनुभवाचा होता. आपण अर्ज करायचा, कार्यालयाने उत्तर द्यायचं नाही, मग आपण स्मरणपत्र पाठवायचं, अशा समजुतीवर समाज सुखाने चाललेला असतो. कोणाचं काही बिघडत नाही. पण उद्यान विभागात नुकत्याच नव्या अधीक्षकबाई आल्या होत्या, आणि आपल्या कारकिर्दीत एकही तक्रार प्रलंबित राहणार नाही असा त्यांनी निश्चय केला होता. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः बागेत हजर झाल्या. सोबत मोजपट्टी, एक मदतनीस आणि आबांच्या अर्जाची प्रत.

बाई अतिशय सौम्य होत्या. कोणी काहीही म्हणालं तरी "तुमचं अगदी बरोबर आहे" असं म्हणून त्या ते लिहून घेत.

"घटना घडली तेव्हा मूल झोक्यावर होतं?"

"होतं."

"आणि झोका हलत होता?"

"झोकाच आहे तो."

"म्हणजे हलत होता." त्यांनी लिहिलं. "मूल कुठे पडलं?"

"खाली."

"खालीच?"

"आणखी कुठे पडणार?"

"तसं गृहीत धरता येत नाही, आजोबा. आमच्याकडे सगळ्या दिशांना रकाने आहेत."

आबांनी मग मुद्द्याचं बोलावं म्हणून साखळीकडे बोट दाखवलं. एक कडी वर अडकवली तर पुरे, असं आजीचं मत त्यांनी स्वतःचं म्हणून मांडलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं अगदी बरोबर आहे. पण कडी अडकवली की ती दुरुस्ती होते. दुरुस्ती केली की आधी बिघाड होता हे आम्ही मान्य केलं असं होतं. आणि बिघाड मान्य केला की आजवर जितकी मुलं बसली ती सगळी आम्ही जाणूनबुजून बिघडलेल्या झोक्यावर बसवली, असं होतं. त्यापेक्षा झोकाच काढून टाकू. दोष झोक्यात आहे ना? मग झोका नाही तर दोष नाही."

या ठिकाणी आबांनी 'नको' म्हणायला हवं होतं. शब्द ओठांवर आलाही होता. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तुमचा अर्ज आम्ही कार्यालयात मोठ्याने वाचला. 'उपरोक्त झोका हा झोका नसून बालकांच्या अस्थींना दिलेलं जाहीर आव्हान आहे.' काय वाक्य आहे! आमच्या मुख्य लिपिकांनी ते दोनदा वाचायला लावलं."

निवृत्तीनंतर आबांच्या वाक्याला कोणी दाद दिली नव्हती. 'नको' हा शब्द त्यांनी परत गिळला.

झोका गेला. त्या जागी 'दोलन सुविधा क्रमांक दोन, वापरास कायमस्वरूपी तात्पुरती अनुपलब्ध' अशी पाटी लागली. सगळी रांग सरळ झोक्यावर गेली, तिथे ढकलाढकली झाली, एका आईने तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी सरळ झोकाही गेला. गर्दी घसरगुंडीकडे वळली. एका वडिलांनी लिहिलं की घसरगुंडीवरून खाली येताना मुलाचा वेग वाढतो. बाईंनी तपासलं, खरंच वाढत होता. घसरगुंडी मात्र त्यांनी काढली नाही. फक्त तिची शिडी काढली. सी-सॉबद्दल एका पालकाने कळवलं की त्यांचा मुलगा बसला की तो खालीच राहतो आणि समोरचा वर, याने मुलाच्या मनावर परिणाम होतो. तेव्हा सी-सॉची फळी मधोमध, दोन्ही बाजूंना समान न्याय देत, आडवी वेल्डिंग करून टाकण्यात आली. मुलं त्यावर समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत, आणि कंटाळली की उतरत.

भिंगरी आणि बोळकी मग नुसत्या हिरवळीवर पळू लागल्या. पळता पळता किंचाळू लागल्या. समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना दुपारचं पडायची सवय होती. त्यांचीही तक्रार आली.

आता तक्रारी इतक्या वाढल्या की बाईंनी बागेतच नागरिक सुसंवाद सभा बोलावली. मंडप, खुर्च्या, माइक. आबांना थेट व्यासपीठावर बसवलं, आणि 'आद्य तक्रारदार' अशी त्यांची ओळख करून दिली. आजी पहिल्या रांगेत होती. भिंगरी तिच्या मांडीवर बसून पायाने खुर्चीला ठोकत होती.

पहिले उठले रोज पळायला येणारे दातांचे डॉक्टर. "मुलं मधे येतात. पळणाऱ्या माणसाची लय तुटते."

"तुमचं अगदी बरोबर आहे," बाई म्हणाल्या. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण बाकीचे पळत नव्हते आणि त्यांच्या मुलांचं पळण्याचं वय उलटलं होतं.

मग हास्य मंडळाचे प्रमुख उठले. हे गृहस्थ दिवसभर अत्यंत दुःखी दिसत आणि सकाळी ठरलेल्या वेळी सात प्रकारांनी हसत. "आम्ही हसत असताना डॉक्टर शेजारून पळतात आणि आमच्याकडे बघून हसतात. त्यामुळे आमच्या हसण्याचं गांभीर्य जातं."

"तुमचं अगदी बरोबर आहे."

"मी तुम्हाला हसत नाही हो," डॉक्टर बसल्या जागेवरून म्हणाले, "दात बघतो. धंदा आहे माझा."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी माइक हातात घेतला तो सोडलाच नाही. "हसा ना, हसायला कोण नको म्हणतंय? पण मनात हसा. आणि त्या झाडाखालच्या बाकावर जोडपी येऊन बसतात, त्यांचं काय?"

"काय करतात ती?" कोणीतरी आशेने विचारलं.

"काहीच करत नाहीत! तासन्‌तास नुसती बसतात. मी रोज पाहते ना."

बाक काढायचं ठरलं. मग बाकावर सावली धरणारं झाडही कशाला, असा मुद्दा एका मोटारमालकाने काढला, कारण झाडावर पक्षी बसत आणि झाडाखाली त्यांची मोटार. फांद्या छाटायचं ठरलं. एक गृहस्थ म्हणाले, कुत्री आणू नयेत. कुत्रेवाले म्हणाले, आमचं कुत्रं माणसांपेक्षा स्वच्छ आहे, माणसंच आणू नयेत. प्रत्येकाचं अगदी बरोबर होतं. ज्याची गोष्ट निघे तो क्षणभर गोरामोरा होई, पण लगेच शेजाऱ्याची गोष्ट निघे आणि तो पुन्हा खुलून टाळ्या वाजवी. सभा आपल्या बाजूने चालली आहे असं प्रत्येकाला वाटत होतं आणि ती खरोखरच तशी चालली होती.

शेवटी आजी उठली. तिने माइक मागितला नाही.

"अहो बाई, मग बागेत जायचं तरी कोणी?"

एवढ्या मोठ्या सभेत हा मुद्दा कोणाला सुचलाच नव्हता. अधीक्षकबाईंनी पेन थांबवलं, आजीकडे खऱ्याखुऱ्या आदराने पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं अगदी बरोबर आहे." मग त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात बागेला कुलूप लागलं. फाटकावरच्या पाटीत शेवटची ओळ होती, 'ज्येष्ठ महिला नागरिकाच्या सूचनेचा विचार करून.'

आजी दोन दिवस जेवली नाही. भिंगरी मात्र व्यवस्थित जेवली, वाढलं तेवढं, न बोलता. संध्याकाळी ती आणि बोळकी कुंपणाच्या सळ्या धरून आत बघत उभ्या राहत. सुरुवातीला बोळकी काही ना काही बोले. मग तीही गप्प झाली. शेवटी तिच्या आईने तिला संध्याकाळी कसल्यातरी वर्गाला घातलं. भिंगरी पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपू लागली.

"तुमच्या अर्जाने झालंय हे," आजी म्हणाली. "निस्तरा आता."

आबांनी रात्र जागून नवा अर्ज लिहिला. यात अलंकार नव्हते. एकच वाक्य होतं: मुलांसाठी बाग पुन्हा उघडावी. तो घेऊन ते स्वतः कार्यालयात गेले. बाईंनी उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं, अर्ज वाचला.

"आजोबा, ही तर मागणी आहे."

"मग?"

"आम्ही तक्रारी निकाली काढतो. मागणीला आमच्याकडे खिडकी नाही."

"बरं, तक्रार समजा. बाग बंद आहे, ही माझी तक्रार."

बाईंचा चेहरा पहिल्यांदाच पडला. त्यांनी मागच्या भिंतीवरचा तक्ता दाखवला. तक्रारींची रेघ डोंगरासारखी चढली होती आणि कुलूप लागल्या दिवशी कड्यावरून उडी मारावी तशी तळाला आली होती. "शून्य. राज्यात कुठल्याही बागेचं शून्य नाही. माणसं येतात तिथे तक्रारी येतातच. तुम्ही आता ही दिलीत तर माझ्या शून्याचं एक होईल, आजोबा." त्यांनी तक्त्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. "ज्यांच्या पत्रातून हे सगळं उभं राहिलं, त्यांच्याच हातून?"

बाईंनी डोळे पुसले आणि खणातून एक पितळी बिल्ला काढला. 'मानद उद्यान पालक.' सोबत फाटकाची किल्ली आणि एक शिट्टी.

किल्ली बघून आबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. किल्ली आपल्याकडे असली तर भिंगरीला केव्हाही आत नेता येईल! त्यांनी बिल्ला स्वीकारला तो केवळ यासाठी, असं त्यांनी आजीला सांगितलं. बिल्ला शर्टावर सरळ लागलाय ना, हेही विचारलं.

"उद्या नेतो तुला," ते भिंगरीला म्हणाले. भिंगरीने इतक्या दिवसांनी मान हलवली.

पण दुसऱ्या दिवशी हिरवळीवर नवं बी पेरलं होतं. त्यावर पाय देणं बरं नव्हे. मग कोवळे कोंब आले, त्यांवर तर मुळीच नव्हे. मग पाहणी होती. पाहणी झाल्यावर दुसऱ्या पाहणीची वार्ता आली. आबा रोज सकाळी आत जात, फाटक आतून लावून घेत आणि हात मागे बांधून एकटेच एक फेरी मारत. गॅलऱ्यांमधून लोक हात करत. डॉक्टर वरून ओरडून विचारत, "काय आबासाहेब, आज गवत कसं काय?" आणि आबा हाताने 'ठीक' अशी खूण करत. आबासाहेब त्यांना याआधी कोणी म्हटलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर बाग देखणी झाली होती. कागद नाही, चिखल नाही, तुडवलेली वाट नाही. ज्यांच्या खिडक्या बागेकडे होत्या ते पाहुण्यांना आधी खिडकीपाशी नेत आणि मग बसायला सांगत. काकूंनी पडदे बदलले. हास्य मंडळ गच्चीवर भरू लागलं आणि तिथून बागेकडे बघून त्यांना कधीकधी आपोआपही हसू येई. जो तो म्हणे, आता कुठे बाग बागेसारखी झाली.

बागेला 'आदर्श लोकाभिमुख उद्यान' हा पुरस्कार मिळाला, यात कोणालाच आश्चर्य वाटलं नाही.

समारंभ फाटकाबाहेर रस्त्यावर झाला. व्यासपीठावर परीक्षक, अधीक्षकबाई आणि बिल्ला चमकवलेले आबा. आसपासच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. परीक्षकांनी भाषणात सांगितलं की त्यांनी पुष्कळ बागा पाहिल्या, पण प्रत्येकीत कोणी ना कोणी माणूस दिसायचाच. इथे मात्र त्यांना बाग निखळ स्वरूपात भेटली.

भाषण रंगात आलं असताना आतून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मागच्या बाजूला कुंपणाची एक सळी वाकलेली होती, तिथून दोन मुली आत शिरल्या होत्या. बोळकी वर्गाला दांडी मारून आली होती. दोघी उताराच्या कडेला आडव्या झोपल्या आणि त्या कोवळ्या, पुरस्कारप्राप्त गवतावरून लोळत खाली आल्या. खाली आल्यावर भिंगरी उठली, हात पसरले आणि डोळे मिटून स्वतःभोवती गरगर फिरू लागली. काहीतरी मोठमोठ्याने म्हणत होती. काय ते कळत नव्हतं, पण ती बोलत होती.

आजी खुर्चीतून अर्धवट उठली. परीक्षक थांबले. अधीक्षकबाई पांढऱ्याफटक पडल्या. सगळ्या गॅलऱ्या आबांकडे बघू लागल्या.

आबांना वाटलं, आपण आता हसणार आहोत. नंतर कितीतरी दिवस ते आजीला हेच सांगत राहिले, मी हसणारच होतो. पण हात आधीच वर गेला होता. त्यांनी शिट्टी वाजवली. लांब, सणसणीत, अधिकाराने भरलेली.

भिंगरी थांबली. चक्कर जिरेपर्यंत तशीच उभी राहिली. मग शिट्टी कुठून आली ते तिने पाहिलं, आबांकडे पाहिलं, बिल्ल्याकडे पाहिलं. ती रडली नाही. बोळकीचा हात धरून, गवताची काडीही न मोडता, काळजीपूर्वक पावलं टाकत ती कुंपणातून बाहेर गेली.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यासपीठावर झाला, खुर्च्यांत झाला, सगळ्यांत मोठा गॅलऱ्यांमध्ये झाला.

त्या क्षणाचा फोटो अधीक्षकबाईंनी मोठा करून कार्यालयात लावला आहे. छान आला आहे. पुढे शिट्टी तोंडात धरलेले आबा, मागे हिरवीगार बाग, आणि त्यामागे मजल्यामजल्यावर टाळ्या वाजवणारी माणसं. अगदी वरच्या मजल्यापर्यंतचे चेहरे स्पष्ट ओळखू येतात. सवड काढून एकदा बघून या. फोटोत तुमच्या शेजारी कोण उभं आहे, ते आम्ही विचारणार नाही.